माण ते गणेशखिंड, दापोडीमार्गे

वनस्पतिउद्यान पाहावयास निघणाऱ्या मनुष्याने घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारून घ्यावा, तो असा की, आपणांस बाग पाहावयाची आहे, की झाडे पाहावयाची आहेत. हिरवळ, कारंजे, बाके, पोरांना झोपाळे आणि फाटकाबाहेर भेळवाला एवढ्यावर ज्याचे समाधान होते, त्याला शहरात चारी दिशांना बागा मोकळ्या आहेत आणि त्यांत जाण्यासाठी आखणी करण्याचे काही कारण नाही. परंतु वनस्पतिउद्यान ही वस्तू मुळात निराळी. ते एक दफ्तर आहे. अमुक वृक्ष कोठून आणला, कोणी लावला, त्याची जात कोणती, त्याला फळ केव्हा धरले, याची नोंद जिवंत खोडांच्या रूपाने ज्या जागी राखलेली असते, तिथे पूर्वतयारीवाचून जाणे म्हणजे पेशवेदफ्तरात शिरून रुमालांचे रंग पाहून परत येणे होय. म्हणून आमच्या एका दिवसाच्या सहलीची आखणी मी सहलीपेक्षा अधिक मन लावून केली, आणि आज जे लिहीत आहे त्यात त्या आखणीचाच हिस्सा मोठा आहे.

आम्ही राहतो ते मौजे माण, तालुका मुळशी. एके काळी या गावाची ओळख मुळशी खोऱ्यातील भातखाचरांचे गाव एवढीच होती. पुढे हिंजवडीची माहितीनगरी वाढत वाढत तिचा तिसरा टप्पा आमच्या शिवारात येऊन पोहोचला, आणि ज्या बांधांवर पावसाळ्यात खेकडे धरीत असत तेथे काचेच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. शिवाजीनगरपर्यंत नेलेल्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचे आगारही माणच्याच हद्दीत आले. या स्थित्यंतराबद्दल शोक करणाऱ्यांपैकी मी नाही. जमिनीचे दाम ज्यांच्या पदरी पडले त्यांच्या घरी जाऊन तो शोक करण्याची माझी छातीही नाही. परंतु सभोवती जी नवी झाडे लावली गेली ती सारी एका वयाची, एका उंचीची आणि बहुतेक परमुलखातली. त्यांच्याकडे पाहून ऋतू कोणता चालला आहे याचाही पत्ता लागत नाही. जुनी, नोंदलेली, वयाने आपल्या पणजोबांच्या बरोबरीची झाडे एकदा पाहून यावीत, ही इच्छा याच उणिवेतून निर्माण झाली.

पर्याय थोडे नव्हते. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासूनचे आणि वनस्पतींच्या दृष्टीने फार श्रीमंत. पण ते एका दिवसात उरकायचे तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून आहे आणि मुंढव्यास त्याची बाग आहे, परंतु ती अभ्यासकांची. रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन सर्वांना खुले, सावलीचे, आणि त्याच्या प्रचंड वेली प्रसिद्ध. आमच्या पुतणीने तेच सुचविले. ती येथेच तिसऱ्या टप्प्यातील एका कचेरीत संगणकाचे काम करते, आणि तिच्या मते जेथे तिकीट काढून सरळ आत जाता येते ती जागा उत्तम. सौ.चे म्हणणे एवढेच होते की, दुपारी डबा खायला सावली आणि हात धुवायला पाणी असावे. पुढे वनस्पतिशास्त्र काय ते तुम्ही पाहा. मी मात्र गणेशखिंडीच्या उद्यानाचा आग्रह धरला आणि त्यातही दापोडीचा वळसा घालून जाण्याचा. पुतणी म्हणाली, "काका, दापोडीला कुठली हो बाग? तिथे एसटीची कार्यशाळा आहे." तिचे म्हणणे खरे होते, आणि दापोडीस जाण्याचे कारणही तेच होते.

पुण्याच्या मुलखातले पहिले सरकारी वनस्पतिउद्यान दापोडीस होते, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना ठाऊक असण्याचे काही कारण उरलेले नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली जी कवायती पलटण होती, तिचा नायक फोर्ड. त्याने दापोडीस नदीकाठी बंगला बांधला आणि भोवती बाग केली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा हा फोर्ड धन्याचे मीठ विसरून, किंवा स्वदेशाचे स्मरून, जसे पाहावे तसे, आपली पलटण घेऊन इंग्रजांस मिळाला. पेशव्यांकडील मोर दीक्षित हा त्याचा स्नेही. लढाई अटळ आहे हे कळताच या दोघांनी, आपल्यापैकी जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा, असा शब्द परस्परांना दिला होता. जरीपटका घेऊन चालून जाताना मोर दीक्षित पडला तो फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या माऱ्याने. ग्रँट डफने ही हकिकत लिहून ठेवली आहे, आणि इतिहासकार म्हणून तो कोरडा असला तरी या ठिकाणी त्याचीही लेखणी क्षणभर अडखळलेली दिसते.

फोर्डच्या पश्चात, १८२८ मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ही मिळकत सरकारासाठी खरेदी केली. बंगला गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी ठेवला आणि बागेचे वनस्पतिउद्यान केले. त्यावर जे वैद्य अधिकारी नेमले गेले त्यांत अलेक्झांडर गिब्सन याचे नाव सर्वांत मोठे. १८३८ पासून त्याच्याकडे दापोडीचा कारभार आला. जुन्नर भागातील हिवरे येथेही त्याने दुसरी बाग चालविली आणि तेथून सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारखी औषधे सरकारी दवाखान्यांस पुरविली. विलायतेहून मोठ्या दामाने येणारे औषध हिवऱ्याच्या मळ्यात पिकवून दाखविणे, ही कंपनी सरकारच्या हिशेबी मनाला पटणारी गोष्ट होती. बागेला पैसा मिळत राहिला तो या हिशेबावर, शास्त्रप्रेमावर नव्हे. पुढे १८४७ मध्ये हाच गिब्सन मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला मुख्य अधिकारी झाला. कोकणातील जंगलतोडीमुळे ओढे आटतात, खाड्या गाळाने भरतात, असे त्याने त्या काळी सरकारला लिहून कळविले होते. निवृत्तीनंतर १८६१ मध्ये डॅल्झेल याच्याबरोबर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पश्चिम भारतातील वनस्पतिविद्येच्या आद्य ग्रंथांपैकी एक.

परंतु मला दापोडीकडे ओढून नेणारी गोष्ट याहून निराळी आहे. १८४७ ते १८५० या अवधीत गिब्सनने एका चित्रकाराकडून या बागेतील आणि आसपासच्या वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. आज ती स्कॉटलंडात, एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानाच्या संग्रही आहेत, आणि तेथील अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहून दापोडीचे नाव पुन्हा उजेडात आणले. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा, म्हणजे बहुधा आपल्या गोव्याकडचा ख्रिस्ती. त्याचे नाव मात्र नोंदलेले नाही. ज्या दफ्तरात झाडाचे नाव, त्याची जात, त्याचे कुळ, इतकेच नव्हे तर ते लावणाऱ्या साहेबाचे नाव काटेकोरपणे येते, त्या दफ्तरात दोन-तीन वर्षे एकेका पाकळीच्या शिरा रंगविणाऱ्या माणसाच्या नावाला ओळ मिळू नये, याचा राग मला येतो आणि तो आलेला मी लपवीत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री पुतणीने आपल्या संगणकाच्या पडद्यावर ही चित्रे काढून दाखविली; आणि आतापर्यंत केवळ काकांचा हट्ट म्हणून रुकार देणारी ती मुलगी एकेक पान मोठे करून, कोणत्या फांदीवर कीड लागलेले पान तसेच्या तसे रंगविले आहे, हे मला दाखवू लागली.

मुहूर्ताविषयी मी आग्रही होतो. वनस्पतिउद्यानास पावसाळ्यात जावे असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो हिरवेपणा हेच सौंदर्य मानणाऱ्यांचा आहे. झाडाची ओळख पटते ती फुलावरून आणि फळावरून. आपल्याकडील बहुतेक वृक्ष पानगळीनंतर, माघ-फाल्गुनात, फुलतात. त्यातून गणेशखिंडीचे वैभव आंब्याचे, म्हणून मोहोराचा माघ महिना ठरविला. वार मुद्दाम कामाचा निवडला. जागा महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राची. तेथे माणसे कामावर असतील, कोणी जाणता दोन शब्द सांगेल, आणि रीतसर विचारून आत जाता येईल. संशोधनाच्या जागेत शिरताना परवानगी मागणे हा मला कमीपणा वाटत नाही; उलट जेथे परवानगी मागावी लागते तेथे राखण्यासारखे काहीतरी आहे, अशी माझी समजूत आहे. पुतणीने एक दिवसाची रजा टाकली. सामानाचा तपशील सौ.ने केला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, पाण्याच्या बाटल्या, बसायला सतरंजी. मी त्यात एक भिंग, एक वही आणि जाड तळव्याचे जोडे यांची भर घातली. दुर्बीण घ्यावी की नाही यावर थोडा वाद झाला आणि ती राहिली. झाडाजवळ जाता येते, त्याला दुरून काय पाहायचे?

सकाळी निघालो तेव्हा हिंजवडीच्या रस्त्यावर साऱ्या पुण्याची वाहने आमच्याकडे तोंड करून उभी होती. सकाळच्या प्रहरी जग माणकडे येत असते. माणहून बाहेर पडणाऱ्याला रस्ता मोकळा. वाकड, औंध, सांगवी असे करीत आम्ही मुळेच्याच संगतीने दापोडीस पोहोचलो. आमच्या शिवाराच्या कडेने वाहणारी मुळा येथे पवनेला आपल्यात घेते. पुलाच्या अलीकडे गाडी लावून आम्ही थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिलो, परंतु ते पाणी आता पाहण्यासारखे राहिलेले नाही आणि वासही फार वेळ उभे राहू देत नाही. एका बाजूस खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा मुलूख, दुसरीकडे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्रशस्त बंदोबस्त, मध्ये मुंबई-पुणे रस्त्याची अखंड रहदारी. १८६५ च्या सुमारास सरकारने दापोडीची मिळकत विकून टाकली, कारण बार्टल फ्रिअर या गव्हर्नराने गणेशखिंडीत नवा वाडा बांधावयास घेतला होता, आणि जेथे सरकारचा मुक्काम तेथे सरकारची बाग. कसबा उठला की दफ्तरही उठते. पुतणीने विचारले, "मग झाडांचं काय झालं?" दफ्तर गाड्यांवर लादून नेता येते, वृक्ष नेता येत नाहीत, एवढेच उत्तर मी दिले आणि आम्ही खडकीकडे वळलो.

गणेशखिंडीच्या रस्त्यावरून जाताना मनात बागेखेरीज दुसरी आठवण आल्यावाचून राहत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून प्लेगचा अधिकारी रँड याच गव्हर्नराच्या वाड्यातून परतत होता, तेव्हा चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी त्याच्यावर याच रस्त्यावर गोळी घातली. तो वाडा पुढे, १९४९ मध्ये, बॅरिस्टर जयकरांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठास मिळाला. वाड्याच्या खर्चावरून फ्रिअरवर विलायतेत पुष्कळ टीका झाली. तथापि वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव राहिले ते निराळ्याच कारणाने. जुन्नरच्या परिसरात कड्याकपारींत वाढणारी, तारेसारख्या लालसर फुलांची शिंदळमाकुडी ही अतिदुर्मीळ वनस्पती डॅल्झेलने शास्त्रात नोंदविली, तेव्हा तिच्या प्रजातीस त्याने फ्रिअरचे नाव दिले. गव्हर्नराचा वाडा विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शिंदळमाकुडी मात्र अजून त्याचे नाव चालवीत आहे.

उद्यानाची स्थापना १८७३ ची. आजचा रकबा सुमारे ३३ हेक्टर, म्हणजे ८२ एकरांच्या आसपास, आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. हे आकडे फाटकाबाहेर उभे राहून ऐकले तर मोठे वाटत नाहीत. चहूबाजूंनी शहर किती दाटून आले आहे हे पाहिल्यावर ते मोठे वाटू लागतात. आत शिरताच कोणी बागेची अपेक्षा केली असेल तर त्याचा विरस होईल: आखीव ताटवे नाहीत, मातीच्या वाटा आहेत, वाटांच्या कडेला पाचोळा आहे आणि दोन्ही अंगांना फळझाडांच्या ओळी आहेत. वाटा सरळ आहेत, चढ जवळजवळ नाही, सौ.च्या गुडघ्यांनी त्याबद्दल दिवसभर तक्रार केली नाही. जाड जोड्यांचा आग्रह मात्र सार्थकी लागला, कारण पाचोळ्याखाली काय आहे ते सांगता येत नाही.

जुन्या आंब्यांपाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो. काही वृक्ष उद्यानाच्या स्थापनेहून जुने, पेशवाईतले, असे सांगतात. खोडाचा घेर पाहता ते न मानण्याचे कारण दिसत नाही. काही खोडांवर जमिनीपासून थोड्या उंचीवर साल बदलते: खालची खरबरीत, खोल चिरांची, वरची तुलनेने गुळगुळीत, आणि दोहोंच्या मध्ये एक फुगीर वळ. हा भेटकलमाचा सांधा. कोयीपासून वाढविलेले रोप कुंडीसकट मूळ झाडाच्या फांदीजवळ न्यायचे, दोघांची साल तासून जखमेला जखम लावायची, वरून घट्ट बांधायचे, आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा एकजीव झाला की फांदी आपल्या झाडापासून आणि रोप आपल्या शेंड्यापासून तोडून टाकायचे. आता कोयकलमाने तेच काम झटपट होते, परंतु या जुन्या सांध्यांवर बोट फिरविताना जाणवते की, येथे कुणीतरी मचाण बांधून, कुंड्या वर चढवून, रोज पाणी घालीत पावसाळाभर वाट पाहिलेली आहे.

मोहोर ऐन भरात होता. दुरून तो केवळ पिवळट-तांबूस धुरकटपणा दिसतो आणि वासाने ओळखू येतो. भिंगाखाली धरल्यावर निराळेच जग उघडते. एका तुऱ्यावर फुले शेकड्यांनी, कधी हजारांनी. बहुसंख्य नुसती नरफुले. मधूनच एखाद्या फुलात हिरवट-पिवळा अंडाशय मण्यासारखा चमकतो, ते उभयलिंगी. पाच पुंकेसर असावयाचे, पण परागकोश धरतो तो बहुधा एकच. बाकीचे केवळ नावाला. माश्यांची ये-जा, तुडतुड्यांची टिपटिप, त्यांनी सोडलेला चिकटा पानांवर लकाकत होता. पुतणीने बराच वेळ भिंग सोडले नाही; शेवटी म्हणाली, "काका, इतक्या फुलांतून आंबा किती धरणार?" एका तुऱ्याला एखाद-दुसरा टिकला तर शेतकरी समाधान मानतो. तिने आपल्या कचेरीतील नोकरभरतीशी काही तुलना केली, ती येथे लिहिण्याचे कारण नाही.

या उद्यानाचा जुना अधीक्षक वुड्रो. भारतातील बागकामावर त्याचे पुस्तक अनेक आवृत्त्यांनी चालले, आणि आंब्यावर त्याने १९०४ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात वनस्पतिउद्यानाचे फळसंशोधन केंद्र झाले, तेव्हा शास्त्राचा एक दरवाजा मिटला म्हणून खंत करणारे असतील. मला ती खंत वाटत नाही. डॉ. चीमा यांनी येथेच १९२७ मध्ये 'लखनौ ४९' हा पेरू निवडला, तोच पुढे 'सरदार' या नावाने घराघरांत गेला. 'चीमा साहेबी' द्राक्षाचे नावही नाशिकच्या जुन्या बागाईतदारांच्या ओठी होते. आंबा शीतगृहात किती दिवस टिकतो याचे प्रयोग येथेच झाले. गिब्सनच्या सोनामुखीपासून चीमांच्या पेरूपर्यंत एकच धागा आहे: दफ्तराने नुसत्या नोंदी करून थांबू नये, रयतेच्या उपयोगी पडावे. बाजारात हातगाडीवरचा पेरू घेताना मीठ-तिखट मागण्यापलीकडे आपण त्याची चौकशी करीत नाही, इतकेच.

दुपारी एका जुन्या झाडाखाली सतरंजी पसरली. वावळीच्या चपट्या, कागदासारख्या शेंगा वाऱ्याबरोबर भिरभिरत डब्यात पडत होत्या, सौ.ने त्यांतले दाणे सोलून खाऊन दाखविले, कारण तिच्या माहेरी पोरे ते खात. जेवताना पुतणीने पुन्हा एम्प्रेस गार्डनचा विषय काढला: अजून वेळ आहे, येथून तासाभरात पोहोचू. मी नकार दिला. एका दिवसात दोन उद्याने म्हणजे दोहोंची हजेरी लागते, भेट होत नाही. एम्प्रेस गार्डनची व्यवस्था पाहणारी अॅग्री-हॉर्टिकल्चरल संस्था १८३० ची, आमच्या दापोडीच्या समकालीन. तिच्या दफ्तराला निराळा दिवस द्यावा हेच न्याय्य. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते, परंतु मला गर्दी नको, वेली पाहायच्या आहेत. म्हणून प्रदर्शन संपल्यानंतरचा एखादा कामाचा दिवस, असे त्या सतरंजीवरच ठरले. पुतणीने तारीख आपल्या फोनमध्ये आणि मी वहीत लिहून घेतली. रजेचा अर्ज ती आधीच टाकणार आहे. गिब्सनची दुसरी बाग जेथे होती त्या हिवऱ्याच्या सहलीसंबंधी मात्र एकमत होऊ शकले नाही: तिला ते एका दिवसात नारायणगावकडून करायचे आहे, मला जुन्नरला मुक्काम हवा, आणि सौ.ने दोघांनाही आधी तेथे हात धुवायला पाणी कोठे आहे ते विचारून घ्या, असे सांगितले आहे.